धातूच्या सांगाड्याची विभाजक भिंत

धातूच्या सांगाड्याची विभाजक भिंत म्हणजे जस्तलेपित पोलादी पत्र्याच्या हलक्या उभ्या-आडव्या घटकांचा सांगाडा उभारून त्याच्या दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्ड स्क्रूने बसवून तयार केलेली, इमारतीच्या अंतर्भागातील भिंत होय. व्यवहारात तिला ड्रायवॉल, जिप्सम पार्टिशन किंवा नुसते पार्टिशन असेही म्हटले जाते. अशी भिंत सहसा इमारतीचा भार वाहत नाही. जागेची विभागणी करणे, आवाज अडवणे आणि आगीचा प्रसार ठरावीक काळ रोखणे ही तिची प्रमुख कार्ये होत.

या भिंतीचा प्रत्येक घटक एकेकटा पाहिल्यास कमकुवत असतो. सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा उभा घटक हाताने पिळता येतो आणि जिप्सम बोर्डाचा लांबट तुकडा सहज मोडता येतो. दोन्ही ठरावीक अंतरावर स्क्रूने जोडल्यावर मात्र एकसंध व ताठ भिंत तयार होते. त्यामुळे भिंतीची गुणवत्ता साहित्याइतकीच जोडणीच्या तपशिलांवर अवलंबून असते. यांतील बहुतेक तपशील बोर्ड बसवल्यानंतर कायमचे झाकले जातात.

## इतिहास

जिप्सम बोर्डाचा उगम अमेरिकेत झाला. ऑगस्टिन सॅकेट यांना १८९४ मध्ये कागद आणि प्लास्टर यांचे थर एकावर एक चिकटवून केलेल्या फलकाचे पेटंट मिळाले. युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीने १९०९ मध्ये सॅकेट यांची कंपनी विकत घेतली आणि १९१७ मध्ये 'शीटरॉक' या नावाने बोर्ड बाजारात आणला. आरंभी हे बोर्ड प्रामुख्याने लाकडी सांगाड्यावर बसवले जात. त्या काळी अमेरिकेतील चांगल्या प्रतीच्या अंतर्गत भिंती लाकडी पट्ट्या किंवा धातूची जाळी यांवर ओल्या प्लास्टरचे थर देऊन केल्या जात. हे काम कुशल गवंड्यांचे होते आणि प्रत्येक थर वाळण्यासाठी थांबावे लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधकामाचा वेग वाढला, तेव्हा वाळण्याची वाट पाहावी न लागणाऱ्या बोर्डाचा प्रसार झपाट्याने झाला. 'ड्राय' म्हणजे कोरडी भिंत हे नावही या फरकामुळेच पडले.

उंच कार्यालयीन इमारतींमध्ये ज्वलनशील लाकडाऐवजी पोलादी सांगाडा वापरण्याची पद्धत रूढ झाली. न्यूयॉर्कमधील वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या मनोऱ्यांमध्ये उद्वाहनांचे व जिन्यांचे उभे मार्ग विटांऐवजी पोलादी घटक आणि जिप्सम यांच्या हलक्या भिंतींनी बंदिस्त केले होते. त्यामुळे इमारतीचे वजन मोठ्या प्रमाणात वाचले. ११ सप्टेंबर २००१ रोजी विमानांच्या आघाताने उत्तर मनोऱ्यातील तिन्ही जिने आघाताच्या मजल्यांवर निकामी झाले, तर दक्षिण मनोऱ्यात एकच जिना काही काळ वापरण्याजोगा राहिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये दिलेल्या अंतिम अहवालात जिन्यांच्या वेष्टनांच्या मजबुतीचा प्रश्न उपस्थित केला. त्यानंतर अमेरिकेतील आदर्श बांधकाम संहितेत अतिउंच इमारतींच्या जिन्यांभोवतीच्या भिंतींसाठी आघातरोधाच्या अटी समाविष्ट करण्यात आल्या. आग रोखण्याची क्षमता आणि आघात सोसण्याची क्षमता या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे या प्रकरणातून अधोरेखित झाले.

## घटक

स्टड. भिंतीच्या उभ्या घटकाला स्टड म्हणतात. त्याचा छेद इंग्रजी 'सी' अक्षरासारखा असतो. त्याच्या रुंद मधल्या भागाला पाठ आणि दोन बाजूंच्या दुमडींना पाखे असे म्हणता येईल. पाख्यांवर बोर्ड बसतो. पाठीवर ठरावीक अंतराने भोके पाडलेली असतात व त्यांतून विजेच्या नळ्या जातात. अमेरिकेत ४१, ६४, ९२, १०२ व १५२ मिमी रुंदीचे स्टड प्रचलित आहेत. भारतात ४८ व ७० मिमी रुंदीचे स्टड सर्रास वापरले जातात.

ट्रॅक. जमिनीवर व छताला बसवायच्या आडव्या घटकाला ट्रॅक म्हणतात. भारतीय बाजारात त्याला फ्लोअर चॅनेल आणि सीलिंग चॅनेल ही नावे आहेत. त्याचा छेद 'यू' अक्षरासारखा असतो. स्टड त्यात बसावा म्हणून त्याची रुंदी स्टडपेक्षा किंचित जास्त ठेवलेली असते. उदाहरणार्थ, ४८ मिमीच्या स्टडला ५० मिमीचा चॅनेल लागतो.

जिप्सम बोर्ड. दोन जाड कागदांमध्ये जिप्समचा गाभा असलेला हा फलक साधारण १२०० ते १२२० मिमी रुंद असतो. भारतात १२.५ मिमी, तर अमेरिकेत १२.७ व १५.९ मिमी जाडी अधिक आढळते. साध्या बोर्डाखेरीज अग्निरोधक, ओल सोसणारे आणि आघातरोधक असे त्याचे प्रकार आहेत.

स्क्रू. पत्र्यासाठीचे स्क्रू बारीक आट्यांचे असतात. त्यांचे टोक पातळ पत्र्यात स्वतःच शिरते. जाड पत्र्यासाठी छिद्रकाच्या टोकाचे स्क्रू लागतात. स्क्रू पत्र्यापलीकडे किमान १० मिमी जावा असा संकेत आहे. म्हणून १२.५ मिमीच्या एका थरासाठी २५ मिमी लांबीचा स्क्रू वापरतात.

पोकळीतील भरण. आवाज अडवण्यासाठी स्टडमधील पोकळीत काचतंतूची किंवा खनिजतंतूची लोकर भरली जाते. ग्लासवूल आणि रॉकवूल या नावांनी ती बाजारात मिळते.

सांध्यांचे साहित्य. बोर्डांमधील सांधे झाकण्यासाठी कागदी पट्टी आणि जॉइंटिंग कंपाऊंड, बाहेरच्या कोपऱ्यांसाठी धातूची कोपरापट्टी, तर कडेच्या फटींसाठी लवचीक सीलंट वापरले जाते.

बोर्डाखालील पोलादी घटकांना गंज चढू नये म्हणून त्यांवर जस्ताचा थर असतो. अमेरिकेत हे घटक एएसटीएम सी ६४५ या मानकानुसार तयार होतात. प्रति चौरस मीटर दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त हा या घटकांसाठीचा प्रचलित दर्जा आहे.

## कार्यतत्त्व

एकट्या स्टडवर बाजूने दाब आल्यास तो वाकण्याबरोबर पिळलाही जातो, कारण 'सी' आकाराचा छेद दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. दोन्ही पाख्यांवर बोर्ड घट्ट बसल्यावर पिळणे थांबते आणि बोर्डही वाकण्यास विरोध करू लागतो. उत्पादकांच्या तक्त्यांमध्ये भिंतीची कमाल उंची बोर्ड व स्टड एकत्र काम करतात असे धरून दिलेली असते. एकाच बाजूला बोर्ड असलेल्या किंवा बोर्ड छतापर्यंत न नेलेल्या भिंतीला हे आकडे लागू होत नाहीत.

अंतर्गत भिंतीवर वाऱ्याचा थेट मारा नसला, तरी दार आपटणे, माणसाने टेकणे आणि वातानुकूलनामुळे दोन खोल्यांतील हवेच्या दाबात पडणारा फरक यांमुळे बाजूचा दाब येतो. अमेरिकी संहितेनुसार त्यासाठी किमान प्रति चौरस फूट ५ पौंड, म्हणजे सुमारे ०.२४ किलोपास्कल इतका दाब धरावा लागतो. जिप्समच्या भिंतीचे वाकणे सहसा उंचीच्या २४० व्या भागापर्यंत मर्यादित ठेवले जाते. ३ मीटर उंचीसाठी ही मर्यादा १२.५ मिमी होते.

समान दाबाखालील वाकणे उंचीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भिंत ३ मीटरऐवजी ३.६ मीटर केली, तर उंची केवळ २० टक्क्यांनी वाढते, पण वाकणे दुपटीहून अधिक होते. त्यामुळे छत उंच असलेल्या जागी तेच स्टड वापरून चालत नाही. रुंद स्टड घेणे, जाड पत्रा वापरणे किंवा स्टडमधील अंतर कमी करणे हे तीन उपाय असतात. यांपैकी रुंदी वाढवणे बहुधा सर्वांत परिणामकारक ठरते.

## उभारणी

### आखणी

प्रथम जमिनीवर भिंतीची रेषा आखतात. रंगवलेली दोरी ताणून सरळ रेष मारली जाते, कोपरे गुण्याने तपासले जातात आणि दारांच्या जागा खुणावल्या जातात. नंतर ओळंबा किंवा लेझर लेव्हलच्या साहाय्याने हीच रेष छतावर नेली जाते. जमिनीवरील व छतावरील रेषा एकाच उभ्या पातळीत नसल्यास भिंत कलते आणि दाराची चौकट बसवताना हा दोष उघड होतो.

### ट्रॅक बसवणे

ट्रॅक काँक्रीटला रावल प्लग व स्क्रूने किंवा खिळे मारणाऱ्या यंत्राने पक्का करतात. बांधण्याच्या दोन जागांमधील अंतर ६०० मिमीपेक्षा जास्त नसावे आणि ट्रॅकच्या प्रत्येक टोकाजवळ, साधारण ५० मिमीच्या आत, एक बंधन असावे असा प्रघात आहे. आवाजाचा प्रश्न असल्यास ट्रॅकखाली सीलंटच्या रेघा किंवा फोमची पट्टी घालतात. दाराच्या जागी जमिनीवरील ट्रॅक खंडित ठेवला जातो.

### स्टड उभे करणे

स्टड ट्रॅकमध्ये तिरका घालून पिळत सरळ केला जातो, म्हणजे तो घट्ट बसतो. दोन स्टडमधील अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात. अमेरिकेत ते ४०६ किंवा ६१० मिमी, तर भारतात बहुधा ६०० किंवा ६१० मिमी असते. हे अंतर बोर्डाच्या रुंदीचा पूर्ण भाग असणे आवश्यक आहे, अन्यथा बोर्डाची कड स्टडच्या मध्यावर येत नाही.

सर्व स्टडच्या उघड्या बाजू एकाच दिशेला ठेवल्या जातात आणि पाठीवरील भोके एका पातळीत आणली जातात. भोके एका रेषेत नसल्यास विजेच्या नळ्या नेण्यासाठी पाठीला नवी छिद्रे पाडावी लागतात व स्टड दुबळा होतो. पाखे मात्र कधीही कापायचे नसतात, कारण वाकण्याचा भार प्रामुख्याने तेच पेलतात. जिथे दोन भिंती मिळतात तिथे दुसऱ्या भिंतीच्या बोर्डाला आधार देण्यासाठी जादा स्टड लागतो.

### छताची हालचाल

काँक्रीटचा स्लॅब वापराच्या भाराने आणि काळानुसार थोडा खाली झुकतो. विभाजक भिंती बांधल्यानंतर होणारे हे झुकणे गाळ्याच्या ३५० व्या भागापेक्षा किंवा २० मिमीपेक्षा, यांपैकी जे कमी असेल त्यापेक्षा, सहसा अधिक नसावे, असे आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगते. याचा अर्थ ६ मीटरच्या गाळ्यात सुमारे १७ मिमी झुकणे मान्य आहे. स्टड छताला घट्ट भिडवून कापला, तर स्लॅबचा भार या नाजूक घटकावर येतो. मग तो वाकतो, बोर्ड फुगतो आणि सांध्यांना भेगा पडतात.

हे टाळण्यासाठी स्टड अपेक्षित हालचालीइतका आखूड कापून वरच्या, अधिक खोल कडांच्या ट्रॅकमध्ये स्क्रू न मारता सरकता ठेवला जातो. बोर्डही स्लॅबच्या थोडे खाली थांबवून वरच्या ट्रॅकला स्क्रूने जोडत नाहीत. उरलेली फट लवचीक आणि आवश्यक तेथे अग्निरोधक सीलंटने भरली जाते. इथे एखाद्या कारागिराने अधिक मजबुतीसाठी वर स्क्रू मारले, तर सरकण्याची सोयच नष्ट होते. काम पूर्ण झाल्यावर हा दोष दिसत नाही. भेगा पुढे स्लॅबवर भार आल्यानंतर उमटतात.

### दाराची जागा

दार उघडताना व आपटताना बसणारे हिसके साधा पातळ स्टड पेलू शकत नाही. त्यामुळे दाराच्या दोन्ही बाजूंना जाड पत्र्याचे स्टड लावतात किंवा दोन स्टड एकमेकांत बसवून पेटीसारखा छेद करतात. भारतात त्यात लाकडी बॅटन घालण्याचीही पद्धत आहे, म्हणजे लाकडी चौकट तिला पक्की करता येते. दाराच्या वरचा आडवा घटक ट्रॅकच्या तुकड्याची दोन्ही टोके कापून व काटकोनात दुमडून केला जातो. त्यावर आखूड स्टड उभे करून वरचा भाग पूर्ण करतात.

बोर्डाचा सांधा चौकटीच्या कोपऱ्याच्या थेट वर आणणे टाळावे लागते. दाराच्या हिसक्यांचा ताण याच कोपऱ्यात एकवटतो आणि सांधा तिथे असल्यास हमखास भेग पडते. म्हणून बोर्ड इंग्रजी 'एल' आकारात कापून कोपऱ्यावर अखंड ठेवला जातो.

### वीज व नळ

पत्र्याच्या भोकाची कड धारदार असते. तारेचे आवरण कापले जाऊ नये म्हणून भोकात प्लास्टिकची किंवा रबराची कडी बसवणे आवश्यक असते. तारा पीव्हीसी नळीतून नेल्यास हा धोका कमी होतो. स्क्रू तारेत घुसू नये यासाठी तारा पाख्यापासून दूर, भिंतीच्या मध्याजवळून नेतात. अमेरिकी विद्युत संहितेत हे अंतर किमान ३२ मिमी ठरवले असून ते शक्य नसल्यास पोलादी संरक्षक पट्टी लावावी लागते. तांब्याचे नळ जस्तलेपित पत्र्याला टेकू दिल्यास ओलाव्यात दोन धातूंमधील विद्युत-रासायनिक क्रियेने जस्ताचा थर झिजतो. त्यामुळे तेथे प्लास्टिकचे वेगळेपण राखले जाते.

### बोर्ड बसवणे

प्रथम एका बाजूचे बोर्ड लावून वीज, नळ, भरण आणि आधारपट्ट्या यांची तपासणी केली जाते व मगच दुसरी बाजू बंद करतात. बोर्ड जमिनीपासून सुमारे १० मिमी वर ठेवतात, म्हणजे फरशी धुताना पाणी गाभ्यात शोषले जात नाही. दोन बाजूंचे सांधे एकाच स्टडवर येऊ नयेत म्हणून एका बाजूची मांडणी एक स्टड सोडून सुरू होते.

स्क्रू बोर्डाच्या मध्यभागी साधारण ३०० मिमी आणि कडांवर २०० मिमी अंतराने मारले जातात. त्यांचे डोके कागद न फाडता पृष्ठभागाच्या किंचित आत गेले पाहिजे. कागद फाटल्यास स्क्रूची पकड फक्त ठिसूळ गाभ्यावर राहते. एका स्टडवर दोन बोर्डांच्या कडा येतात, तेव्हा पहिल्या बोर्डाची कड पाख्याच्या उघड्या बाजूवर आधी स्क्रूने बसवायची असते. उलट क्रम ठेवल्यास पाखे दाबाने मागे वाकते आणि पुढचा बोर्ड पहिल्याशी समपातळीत बसत नाही.

लांब भिंतीत तापमान व हालचालीमुळे पडणाऱ्या भेगा टाळण्यासाठी जास्तीत जास्त ९ मीटरच्या अंतरावर नियंत्रित सांधा ठेवण्याचा अमेरिकी संकेत आहे. इतर सांध्यांवर कागदी पट्टी दाबून कंपाऊंडचे साधारण तीन हात दिले जातात आणि वाळल्यावर पृष्ठभाग घासून रंगकामासाठी तयार केला जातो. चकचकीत रंग किंवा तिरका प्रकाश असेल तिथे संपूर्ण पृष्ठभागावर पातळ लेप द्यावा लागतो, कारण अशा प्रकाशात सूक्ष्म उंचवटेही ठळक दिसतात.

## अग्निरोध

जिप्सम हे कॅल्शियम सल्फेटचे सजल स्फटिक होय. शुद्ध जिप्समच्या वजनाच्या सुमारे २१ टक्के भाग स्फटिकबद्ध पाण्याचा असतो. आगीच्या उष्णतेने हे पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि त्यात बरीच उष्णता खर्च होते. हे पाणी संपेपर्यंत बोर्डामागील तापमान १०० अंश सेल्सियसच्या फारसे वर जात नाही. पाणी गेल्यावर मात्र गाभा आक्रसतो व तडकतो. अग्निरोधक बोर्डाच्या गाभ्यात काचतंतू मिसळलेले असल्याने तो अधिक काळ एकसंध राहतो.

सांगाड्यासाठीही हे संरक्षण निर्णायक असते. पोलाद जळत नाही, परंतु सुमारे ५५० अंश सेल्सियसला त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि पातळ पत्रा या तापमानाला लवकर पोहोचतो. दोन्ही बाजूंना १५.९ मिमीच्या अग्निरोधक बोर्डाचा एकेक थर असलेल्या प्रमाणित रचना एक तासाचा, तर दोन-दोन थरांच्या रचना दोन तासांचा अग्निरोध देतात.

असे प्रमाणपत्र एखाद्या बोर्डाला नव्हे, तर भट्टीत तपासलेल्या संपूर्ण रचनेला दिलेले असते. स्टडची रुंदी, स्क्रूंचे अंतर, सांध्यांची मांडणी आणि छताजवळील फटीचे भरण या सर्वांचा त्यात समावेश असतो. नंतर इंटरनेटची केबल किंवा वातानुकूलनाची नळी नेण्यासाठी भिंतीला भोक पाडून ते उघडे ठेवले, तर एक तासाची भिंत धूर काही मिनिटांतही पलीकडे जाऊ देते. आगीतील अनेक मृत्यू धुराने गुदमरून होत असल्यामुळे अशी छिद्रे अग्निरोधक द्रव्याने बंद करणे अनिवार्य मानले जाते. भिंत फॉल्स सीलिंगपाशी न थांबवता मूळ स्लॅबपर्यंत नेणेही याच कारणाने आवश्यक ठरते.

## ध्वनिरोध

आवाज अडवण्याची क्षमता वस्तुमान, पोकळी आणि दोन पृष्ठभागांमधील अलिप्तता यांवर अवलंबून असते. या बाबतीत पातळ पत्र्याचा मऊपणा उपयोगी पडतो. त्याचे पाखे थोडे लवचीक असल्यामुळे एका बाजूच्या बोर्डाचे कंपन दुसऱ्या बाजूला पूर्णपणे पोहोचत नाही. म्हणून इतर बाबी समान असताना पातळ व दूर अंतरावरील धातूचे स्टड एकेरी लाकडी स्टडपेक्षा चांगला ध्वनिरोध देतात. लोकरीचे भरण आणि बोर्डाचा दुसरा थर यांनी त्यात आणखी वाढ होते.

फटी मात्र हा सारा लाभ घालवतात. ४ मीटर लांब व ३ मीटर उंच भिंतीच्या वर आणि खाली प्रत्येकी १० मिमीची फट राहिली, तर तिचे क्षेत्रफळ ०.०८ चौरस मीटर, म्हणजे भिंतीच्या एक टक्क्याहूनही कमी असते. तरीही साध्या गणिताने या भिंतीचा एकूण ध्वनिरोध सुमारे २२ डेसिबलपेक्षा अधिक होऊ शकत नाही. मग बोर्ड व लोकर कितीही उत्तम असोत, शेजारच्या खोलीतील बोलणे स्पष्ट ऐकू येते. एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसवलेल्या स्विचच्या पेट्या, फॉल्स सीलिंगच्या वरचा मोकळा भाग आणि दाराखालची फट या आवाज निसटण्याच्या नेहमीच्या जागा होत. डॉक्टरांच्या तपासणी खोल्या व समुपदेशन कक्ष यांत खासगीपणा जपण्याच्या दृष्टीने या तपशिलांना विशेष महत्त्व असते.

## ओल आणि गंज

साधा बोर्ड सतत ओला राहिल्यास गाभा मऊ पडतो आणि कागदावर बुरशी येते. ओल सोसणारा बोर्ड दमट हवेसाठी योग्य असला, तरी तो जलरोधक नसतो. न्हाणीघरात थेट पाणी पडणाऱ्या जागी सिमेंटचा फलक आणि त्यावर जलरोधक लेप आवश्यक असतो. स्टड कापताना उघड्या पडलेल्या कडांना शेजारच्या जस्तामुळे काही प्रमाणात संरक्षण मिळते. ग्राइंडरने कापल्यास मात्र उष्णतेने कडेचे जस्त जळून जाते, त्यामुळे पत्रा कापण्याची कात्री वापरणे श्रेयस्कर ठरते. कोकण किनारपट्टीसारख्या दमट व खारट हवेच्या प्रदेशात जस्ताच्या थराच्या दर्जाकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

## वस्तू टांगणे

चित्राची चौकट किंवा घड्याळ बोर्डातच बसणाऱ्या विशेष प्लगवर टांगता येते. स्वयंपाकघरातील कपाटे, दूरचित्रवाणी संच किंवा वॉश बेसिन यांचा भार मात्र सांगाड्यावर जावा लागतो. त्यासाठी बोर्ड बंद करण्यापूर्वी स्टडच्या मध्ये प्लायवूडची अथवा जाड पत्र्याची आधारपट्टी बसवतात. रुग्णालये व वृद्धांच्या निवासात न्हाणीघरातील आधारदांड्यांसाठी ही तरतूद अत्यावश्यक असते, कारण तोल जाणारी व्यक्ती आपला संपूर्ण भार त्या दांड्यावर टाकते. आधारपट्ट्यांच्या जागांची छायाचित्रे व मापे जपून ठेवल्यास पुढे भिंत उघडावी लागत नाही.

## भारतातील वापर

भारतात अंतर्गत भिंतींसाठी वीट, काँक्रीट ब्लॉक आणि हलके एएसी ब्लॉक प्रचलित आहेत. कार्यालयांमध्ये पूर्वी लाकडी बॅटन व प्लायवूड यांची पार्टिशने सर्रास केली जात. भाडेतत्त्वावरील कार्यालये, मॉल, रुग्णालये आणि हॉटेले यांच्या वाढीबरोबर धातू-जिप्समच्या भिंतींचा वापर वाढला. मुंबई-पुण्यातील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या कार्यालयांत ही पद्धत रूढ झाली आहे. देशातील नैसर्गिक जिप्समचे उत्पादन जवळपास संपूर्णपणे राजस्थानात होते. साध्या जिप्सम बोर्डासाठी आयएस २०९५ हे भारतीय मानक आहे, तर इमारतींच्या अग्निसुरक्षेच्या तरतुदी राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात दिलेल्या आहेत.

अशा कामाचा भाव बहुधा चौरस फुटावर ठरतो. पोकळीतील लोकर, स्लॅबपर्यंतचा भाग, कडेचे सीलंट आणि दारालगतचे जाड स्टड या बाबी करारात स्वतंत्रपणे नमूद नसल्यास दिसायला सारख्या दोन भिंतींच्या गुणवत्तेत मोठी तफावत असू शकते. त्यामुळे दुसऱ्या बाजूचा बोर्ड लावण्यापूर्वीची तपासणी ही गुणवत्ता नियंत्रणाची प्रत्यक्षात शेवटची संधी असते.

## गुण व मर्यादा

दोन्ही बाजूंना बोर्डाचा एकेक थर असलेल्या भिंतीचे वजन प्रति चौरस मीटर साधारण २५ किलोग्रॅम भरते. याउलट, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या अर्ध्या विटेच्या भिंतीचे वजन २५० किलोग्रॅमहून अधिक होते. हलकेपणामुळे स्लॅबवरील भार कमी होतो आणि भूकंपात इमारतीवर येणारे बलही घटते. पाण्याचा वापर अल्प असतो, पाणी मारत राहावे लागत नाही आणि गरजेनुसार भिंत हलवता येते. लाकडाप्रमाणे हा सांगाडा वाळवीला बळी पडत नाही, कुजत नाही किंवा हवामानानुसार वाकत नाही. पोलादी घटकांचा पुनर्वापरही शक्य असतो.

दुसरीकडे, ही भिंत जोरदार आघात, घुसखोरी आणि पाणी यांना विटेइतका विरोध करत नाही. जड वस्तू टांगण्याचे नियोजन आधीच करावे लागते. पोकळीत उंदीर किंवा कीटक शिरण्याचा धोकाही असतो. गर्दीच्या मार्गिका व शाळा यांत खालच्या भागासाठी आघातरोधक बोर्ड अथवा दुहेरी थर निवडला जातो.

## सुरक्षितता

कापलेल्या पत्र्याच्या कडा तीक्ष्ण असल्याने हातमोजे, तर डोक्यावरच्या कामात डोळ्यांचे संरक्षण आवश्यक असते. जॉइंटिंग कंपाऊंड घासताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असू शकते. त्यामुळे मुखपट्टी वापरणे आणि धूळ शोषणारे यंत्र लावणे हितावह असते. जुन्या कंपाऊंडमध्ये ॲस्बेस्टॉस मिसळले जात असे. अशा ग्राहकोपयोगी उत्पादनांवर अमेरिकेने १९७७ मध्ये बंदी घातली. त्यापूर्वीच्या भिंती पाडताना किंवा घासताना आधी नमुना तपासून घ्यावा लागतो. बोर्डाचे गठ्ठे भिंतीला उभे टेकवून ठेवणे धोकादायक असते, कारण असा गठ्ठा कलंडल्यास माणसाला चिरडण्याइतका जड असतो. म्हणून ते जमिनीवर सपाट रचले जातात.

## हेही पाहा

* जिप्सम
* वीटकाम
* प्लास्टर
* ध्वनिरोधन
* अग्निसुरक्षा
* राष्ट्रीय इमारत संहिता